भुताची पट्टी

पेटी उतरवायला अण्णा स्वतः टेम्पोत चढले, त्यामुळे आधी अण्णांनाच उतरवावं लागलं. एकोणऐंशी वर्षांचं वय, दोन्ही गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलेला. पण मोहरिलांची पायपेटी यवतमाळच्या दारव्हा रोडवरच्या घरातून निघून लोहाऱ्याच्या एमआयडीसीत जाते आहे म्हटल्यावर श्रीकृष्णराव मोहरील घरी बसतील, अशी आशाच चुकीची होती. एका दंडाला बाबुलाल टेम्पोवाला, दुसऱ्या दंडाला मुलगा स्वानंद, आणि मधोमध अण्णा सांगतायत की मला सोडा, पेटीला धरा. पेटीला हाफिजभाईंनी कधीचंच धरलं होतं.

हाफिजभाईंना कोणी बोलावलं नव्हतं. बोलवायचं नसतंच. ही पेटी घराबाहेर निघाली की तिच्यासोबत हाफिजभाईंच्या घरचा एक माणूस निघतो, ही रीत त्यांच्या वडिलांपासूनची. अण्णा पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते आणि खात्याच्या नाट्यमंडळाचे संगीत प्रयोग पार केळापूरपर्यंत व्हायचे, तेव्हा हाफिजभाईंचे वडील रौशनमियाँ ट्रकमध्ये पेटीला पाठ लावून बसत आणि खड्डा आला की स्वतः दणका खात. मुलाने पुढे मोटार वाइंडिंगचं दुकान टाकलं, चांगलं चाललं, पण पेटीचं काम सोडलं नाही. पेटीच्या बाबतीत हाफिजभाई एक शब्द इकडचा तिकडे बोलत नसत. बिघडली तर बिघडली म्हणत, मग समोर कोणीही असो.

नाटकाची तालीम डाळमिलच्या शेडमध्ये ठेवण्याचं कारण शेजारी होते. महिनाभर मोहरिलांच्या घरातून भुताचे हुंकार ऐकू येत होते, आणि शेवटी कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका निवृत्त गृहस्थांनी हात जोडलेल्या तीन चित्रांसह विनंती केली की मुलांच्या परीक्षा आहेत, भूत थोडं आवरावं. स्वानंदला हे फार लागलं. त्याची तूरडाळीची मिल रविवारी बंद असते, तर तिथेच चला म्हणाला. आता शेडमध्ये पोत्यांच्या थप्प्या, बंद चाळण्या आणि सगळ्यांच्या नाकात तुरीची धूळ. प्रेक्षक एकच, मिलचा चौकीदार लालसिंग, तो चुनीच्या, म्हणजे डाळीच्या चुऱ्याच्या, पोत्यांवर मांडी घालून बसला होता. भुताले पेटी कायले लागते, एवढा एकच प्रश्न त्याने विचारला होता, आणि त्यावर अण्णांनी त्याला वीस मिनिटं उत्तर दिलं होतं.

नाटकाचं नाव ‘संगीत बुडीत क्षेत्र’. लिहिलेलं आणि चाली लावलेलं स्वानंदच्या मुलाने, साकेतने. हा साकेत पुण्याची नोकरी सोडून आठ महिने झाले तरी नातेवाइकांत अजून ‘सुट्टीवर आला आहे’. गोष्ट अशी की धरणात एक गाव बुडणार, सगळ्यांची नावं पुनर्वसनाच्या यादीत लागतात, आणि एका ओसरीवर शंभर वर्षं राहणारं कमळा नावाचं भूत रोज कारकुनाकडे येऊन विचारतं की माझं नाव यादीत काहून नाही. भूत बोलत नाही, गातंच. कारकून स्वानंद होता. त्याला अभिनय मुळीच येत नव्हता, पण माणसाला नाही कसं म्हणावं हे त्याला जन्मापासून येत होतं आणि भूमिकेला तेवढंच लागत होतं.

आणि कमळा म्हणजे मधुवंती. अण्णांची थोरली लेक, छप्पन्न वर्षांची, मारेगावच्या बँकेत मॅनेजर. रागाचं नाव लावून मुलगी वाढवली, तर ती गाणारच, असं अण्णांचं गणित होतं आणि ते बरोबर आलं होतं. पण दोन वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज जो बसला तो बसला. वर्षभर ती आरतीलासुद्धा नुसते ओठ हलवायची. मग मागच्या दिवाळीत अण्णांनी तिला पेटीजवळ बसवलं, दर रविवारी बसवलं, आणि एका रविवारी जाहीर केलं की मधू, आला बरं तुझा आवाज परत, पहिल्यासारखा, काळी चारमध्ये. ती तिथेच रडली. सोमवारी तिने शाखेत पेढे वाटले. पीककर्जाला आलेल्या लोकांनीही खाल्ले आणि साहेबीणबाईला नात झाली असेल, असं समजून घेतलं.

काळी चार म्हणजे काय, हे सुनीतीला, म्हणजे स्वानंदच्या बायकोला, लग्नानंतर तिसऱ्या दिवशी कळलं होतं. पेटीवरच्या ज्या पट्टीला ‘सा’ धरून माणूस गातो, ती त्याची पट्टी. मोहरिलांच्या बायका काळी चारमध्ये गातात. हे अण्णांनी रेशनकार्डावर लिहायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. सुनीती नाशिकची, शाळेत गणित शिकवणारी, तिने सांगितलं की मी कुठल्याच पट्टीत गात नाही. त्या दिवसापासून तिला घरातल्या संगीताच्या बाबतीत चहाचं खातं मिळालं.

आज सगळं पहिल्यांदा एकत्र होणार होतं. अण्णांची पेटी, मधुवंतीचा गळा आणि साकेतचा लॅपटॉप. ज्यात हे नाटक व्हायचं तो नाट्यमहोत्सव अकरा दिवसांवर होता.

*

मधुवंतीने पहिला आलाप घेतला, आणि लॅपटॉपमधली नऊ भुतं तिच्या अंगावर धावून आली.

ती भुतं म्हणजे साकेतची धाकटी बहीण मिताली. तिचाच आवाज नऊ वेळा रेकॉर्ड करून साकेतने गावच्या इतर भुतांचा कोरस केला होता. ती भुतं एकीकडे चालली होती, पेटी आणि मधुवंती दुसरीकडे. मधल्या जागेत जे काही ऐकू येत होतं त्याने लालसिंग उठून उभा राहिला आणि सुनीतीने चहाचा ट्रे खाली ठेवला. कुकरची शिट्टी आणि नाट्यपद यांत मला फरक कळत नाही, असं ती नेहमी म्हणायची. आज तिलाही कळला.

साकेतने थांबवलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबवलं. मग घरात नेहमी होतं तसं प्रत्येकाने आपापला आरोपी निवडला. स्वानंद म्हणाला, पत्र्याचं छप्पर आहे, आवाज फिरतो. मितालीने स्पीकरला दोष दिला. साकेतच्या मते लोहाऱ्याच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांत पेटी हलली होती. यावर हाफिजभाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो लॅपटॉपमध्ये पाहू लागला.

अण्णा म्हणाले, त्या डब्याले कान नाही. साकेतने समजावलं की अण्णा, लॅपटॉप चुकूच शकत नाही, कोरस काळी चारमध्ये पक्का बसवलेला आहे.

“कोणता कोरस?” अण्णांनी विचारलं. “तू तं म्हटलं होतं का डब्यात नुसता गडगडाट अन् घुबड आहे.”

कोरस गुरुवारी घातला, साकेत म्हणाला, तुम्हाला सांगायचं राहिलं. यावर अण्णा गप्प बसले. पण मोहरिलांच्या घरात गप्प बसलेल्या माणसाकडे लक्ष द्यायला बोलणाऱ्यांना सवड नसते, त्यामुळे ते कोणाच्या ध्यानात आलं नाही.

शेवटी ठरलं की हाफिजभाईंनी पेटी उघडून पाहावी.

हाफिजभाईंनी वडिलांचा नादकाटा काढला, गुडघ्यावर आपटला, एकेक सूर ताडून पाहिला. मिनिटभरात त्यांना कळलं की पेटीला काहीही झालेलं नाही. खड्डे होते तेवढे त्यांच्या कमरेने घेतले होते. मग सूर लागत कसा नाही, म्हणून त्यांनी पट्ट्यांवर बोट फिरवलं, आणि पांढरी चारच्या कडेला त्यांना एक हिरवी टिकली सापडली. बायका कपाळाला लावतात ती. उजवीकडच्या काळी तीनवर टिकली निघून गेल्याचा डिंकाचा ठसा होता. त्याच्या उजवीकडे पांढरी पाचवर अजून एक, जुना, धूळ बसलेला. काळी चारवर काहीच नव्हतं. तिथे खुणेची गरज नव्हती, कारण अण्णांची बोटं साठ वर्षं तिथे आपोआप पडत आली होती.

हाफिजभाई पेटीत डोकं घालून तसेच थोडा वेळ राहिले. काळी चारपासून निघालेला सा तीन मुक्काम करत डावीकडे खाली आला होता. आणि तो सरकतोय हे गाणारीला कळू नये इतक्या हळू, महिन्याला एक घर. पेटीजवळ फोनवरचा तंबोरा लावायचा नाही, असा अण्णांनी दिवाळीपासून काहून हुकूम काढला होता, हेही आता त्यांना समजलं. त्यांनी डोकं बाहेर काढून अण्णांकडे पाहिलं. अण्णा छताकडे पाहत होते.

“रीडमध्ये तुरीची धूळ गेली,” हाफिजभाई म्हणाले. “अर्धा तास लागते.”

वाद्याबद्दल खोटं बोलण्याची त्यांची ही आयुष्यातली पहिली वेळ होती. त्यांनी ब्रश काढला आणि स्वच्छ रीड अर्धा तास स्वच्छ करत बसले.

*

अर्ध्या तासात आलुबोंडे संपले. पेटी बंद झाल्यावर साकेत म्हणाला की आत्याला पुन्हा त्रास नको, मितालीचा आवाज लहान आहे, लवकर लागतो, आधी तिच्यावर तपासून घेऊ. मितालीला भुताची सातही पदं पाठ होती. घरात महिनाभर दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

ती उभी राहिली आणि म्हणाली, “काळी चार द्या अण्णा.” अण्णांचा हात टिकलीकडे न जाता जुन्या घरी गेला.

सगळं जुळलं. पेटी, कोरस, मिताली, सगळं एका ओळीत आलं. सुनीतीला गाणं कळत नसलं तरी आपली मुलगी चांगलं करते आहे हे कळत होतं, आणि तिला मनापासून आनंद झाला. तो आनंद चांगला दोनेक मिनिटं टिकला. मग तिची नजर मधुवंतीकडे गेली. मधुवंती पाण्याची बाटली हातात धरून उभी होती आणि झाकण लावायचं विसरली होती.

सगळ्यांच्या मनात आलेलं बोलायचं काम स्वानंदने केलं. घरात ते त्याच्याकडेच असतं. तो म्हणाला, ताई, राग मानू नको, अकरा दिवस राह्यले आहेत, टेम्पो ठरला आहे, आणि भुताचं वय तर कुठं लिहिलेलं नाही. भूत मितालीले देऊ. तू पाहिजे तर सरपंचाची बायको कर, तिले दोन वाक्यं आहेत. मिताली लगेच म्हणाली की मला नको, माझी दोन पदं आहेत तेवढी पुरे. पण ती नुकतीच फार छान गायली होती, त्यामुळे कोणाला ते खरं वाटलं नाही. साकेतने लॅपटॉपची वायर गुंडाळायला घेतली. सुनीती बोलली नाही. गरजेपेक्षा थोडा जास्तच वेळ बोलली नाही, हे तिचं तिला माहीत होतं.

“मी सुरात होती,” मधुवंती म्हणाली. “मले समजते नं. म्हातारी झाली असन, बहिरी नाही झाली. अण्णा, तुम्ही सांगा यायले. मी काळी चारमध्येच होती का नाही?”

तिचा आवाज बँकेत वसुलीच्या बैठकीत असतो तसा ठाम होता, पण हात पुढे आला होता. अण्णांनी पेटीवरचा रुमाल उचलला, झटकला, पुन्हा ठेवला.

“चूक माही आहे,” ते म्हणाले. “मले ऐकू येत नाही आता. दोन-तीन महिने झाले. बोट कुठं पडून राह्यलं ते समजत नाही. पोरीचा काही दोष नाही. तुम्ही पेटीवर दुसरा माणूस पाहा.”

अण्णा आणि पेटी सोडणार, हे ऐकायची कोणाच्या मनाची तयारी नव्हती. स्वानंदच्या तोंडातून ‘अण्णा’ एवढंच निघालं, आणि सुनीती मनात कानांच्या डॉक्टरचा नंबर शोधू लागली. अण्णांनी मात्र हिशेब केला होता. आपण बहिरे ठरलो तर मधू बेसूर ठरत नाही. त्यात एक भोक होतं. ते गेल्यावर मधुवंतीला लॅपटॉपसोबत काळी चारमध्येच गावं लागणार होतं, आणि ते तिला जमणार नव्हतं. एवढा पुढचा विचार त्यांनी केला नव्हता.

हे सहन झालं नाही ते हाफिजभाईंना.

“अण्णा झूठ बोलून राह्यले,” ते म्हणाले. “यायच्या कानाले काय नाही झालं. मागच्या महिन्यात एक रीड केसभर उतरला तं मले गिऱ्हाईकापुढून उठवून नेलं यायनं. पेटीले काय झालं नाही, कानाले काय झालं नाही. मीबी झूठ बोललो, धूळ नव्हती.” आणि त्यांनी ती हिरवी टिकली पट्टीवरून सोलून पेटीच्या झाकणावर ठेवली.

“ही माझी आहे,” सुनीती म्हणाली.

खरं तर ते टिकल्यांचं पाकीट मधुवंतीनेच तिला दिलं होतं. सुनीतीला हिरवा रंग आवडत नसे, म्हणून तिने ते कधी उघडलं नव्हतं, आणि तरी ते अर्धं झालं होतं. पंधरा दिवसांपूर्वी तिने कामाला येणाऱ्या संगीताला त्याबद्दल आडून आडून विचारलंही होतं. ते आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मधुवंती पेटीजवळ आली, वाकली आणि काळी चारपासून डिंकाच्या खुणांवर बोट ठेवत गेली. काळी चार. पांढरी पाच. काळी तीन. पांढरी चार. लहानपणी अण्णांनीच तिला अशी बोटाने पट्ट्या मोजायला शिकवलं होतं.

“तीन घरं,” ती म्हणाली. “म्हणजे आवाज परत आलाच नव्हता.”

“नाही.”

“मग मले कायले सांगितलं?”

“तू आरती म्हणायची सोडलती,” अण्णा म्हणाले. “आवाज वर येत नव्हता, म्हणून मी पट्टीच खाली आणली. मले दुसरं काही सुचलं नाही, मधू.”

त्यावर मधुवंती भडकली. म्हणाली, मी अख्ख्या शाखेले पेढे वाटले. डॉक्टरले फोन करून सांगितलं का माहा आवाज आला, तो माणूस आता दुसऱ्या पेशंटांना माहं उदाहरण देते. तुम्ही मले दर रविवारी फसवत होते अन् मी एसटीनं पैसे देऊन फसवून घ्यायला येत होती. सगळे ऐकत होते. ती म्हणाली ते सगळं बरोबर होतं. खरं पाहता अण्णांना आपण काही वाईट केलं असं वाटतच नव्हतं. फक्त पकडले गेलो याचं वाईट वाटत होतं, आणि लेक रडेल की काय याची भीती.

ती रडली नाही. ती जाऊन चुनीच्या पोत्यांवर लालसिंगशेजारी बसली. लालसिंगने सरकून जागा दिली.

*

सुनीती चहा घेऊन गेली, कारण तिचं खातं तेच होतं. मधुवंतीने कप घेतला.

“ताई,” सुनीती म्हणाली, “मघाशी मी गप्प बसले. मितालीचं चांगलं झालं म्हणून मला बरं वाटत होतं.”

नणंद-भावजयीत तीस वर्षांत बऱ्याच गोष्टी बोलायच्या राहून गेल्या होत्या. ही त्यांतली सगळ्यात लहान होती, पण बोलली गेली. मधुवंती म्हणाली की चांगलीच गाते पोरगी, ती तिची पट्टी आहे, तिथं तिले शोभते. मग तिने चहा संपवला, कप सुनीतीच्या हातात दिला आणि उठली.

“अण्णा, आता खरं सांगा. ह्या पांढरी चारमध्येही वरचा सूर लावताना मले जोर पडते. माही पट्टी कोणती आहे आज? दिवाळीची नको, माहेरची नको. आजची.”

अण्णांनी डोळे मिटले. खोटं बोलायची ती शेवटची संधी होती, आणि ती त्यांना दिसलीही असावी.

“काळी दोन,” ते म्हणाले.

“मग काळी दोन द्या.”

साकेतने विचारलं की आत्या, कोरस खाली आणू का? कसं आणशील, पुन्हा रेकॉर्ड करावं लागन, असं अण्णा म्हणाले, तर तो म्हणाला की नाही, दोन क्लिकमध्ये येतं, कुठल्याही पट्टीत. ते दिवाळीपासून येत होतं का, असं अण्णांनी विचारलं. साकेत म्हणाला, हो, मला आधी सांगितलं असतं तर तेव्हाच केलं असतं. अण्णांनी चार महिने एकेक टिकली चोरून, बोटांची साठ वर्षांची सवय मोडून जे केलं होतं, ते दोन क्लिकचं काम निघालं. त्यांचा चेहरा पाहून हाफिजभाईंनी तोंड वळवलं आणि खोकले.

पण नऊ मिताल्या पाच घरं खाली उतरल्यावर भुतांसारख्या वाटेनात. पोती उतरवताना हमाल एकमेकांना हाका मारतात तसं काहीतरी होऊ लागलं. लालसिंग पहिल्यांदाच हसला. साकेतने लॅपटॉप बंद केला आणि म्हणाला, राहू दे, नुसत्या पेटीवर करू.

स्वानंद आपल्या टेबलामागे जाऊन बसला. टेबल मिलचंच होतं, त्यावर गेट पासचं रजिस्टर कारकुनाच्या वहीच्या जागी ठेवलेलं. या प्रवेशात त्याला एकच वाक्य होतं. भूत गाऊन नाव लिहायला सांगतं, कारकून वर न पाहता म्हणतो, ‘नियमात बसत नाही, बाई, उद्या या,’ आणि त्या नकारावर दुसरा अंक उभा राहतो. इतर वाक्यं तो विसरायचा. हे कधीच विसरला नव्हता.

अण्णांनी काळी दोनवर सा धरला. मधुवंतीने तो घेतला, आणि पहिल्यांदा तिने त्याच्याशी झटापट केली नाही.

तो आवाज कोणाच्या ओळखीचा नव्हता. जुन्या कॅसेटवर ऐकून साकेतने ज्या आवाजासाठी चाली बांधल्या होत्या, तो हा नव्हता. जाड होता, मध्येच खरखरत होता, वर जायचं नाव घेत नव्हता. पण तो दबकत नव्हता. चार महिने मधुवंती गात होती ती आपला आवाज खरंच आला आहे का हे पाहत, प्रत्येक वरच्या सुराआधी घाबरत. आता पाहायचं काही राहिलं नव्हतं, तेव्हा ती नुसती गायली.

ओसरी बुडाली, उंबरा बुडाला,
पंचनामा झाला, शिक्का पडला,
राहिलं कोण ते विचारा तरी,
यादीत माझं नाव नाही.

दुसऱ्या वेळी ‘नाव नाही’ला ती एकदम खाली गेली आणि तिथे थांबली. मितालीने आईचा हात धरला. साकेतच्या मनात आलं की आपण हे लिहिलं तेव्हा भूत विनोदी होतं, आणि अजूनही विनोदीच आहे, पण आता त्याला उत्तर द्यावं लागेल. तो बाहीने नाक पुसत होता. तुरीची धूळ आहे, असं त्याने कोणी न विचारता सांगितलं.

पद संपलं. मधुवंती टेबलापुढे येऊन उभी राहिली. आता स्वानंदने बोलायचं होतं. तो खाली मान घालून बसला होता, संहितेत होतं तसाच. मग त्याने खिशातून पेन काढलं आणि रजिस्टर उघडलं.

“नाव सांगा,” तो म्हणाला. “पूर्ण सांगा.”

मधुवंतीला कमळाचं पूर्ण नाव माहीत नव्हतं, साकेतने ते लिहिलंच नव्हतं. बँकेतल्या तिच्या टेबलावर तीस वर्षं मधुवंती वझलवार अशी सासरच्या नावाची पाटी आहे, तेही तिच्या तोंडात आलं नाही.

“मधुवंती श्रीकृष्ण मोहरील.”

स्वानंद लिहू लागला. साकेतने पानं उलटून पाहिली, हे कुठेच नव्हतं.

“स्वानंद,” अण्णा पेटीवरून म्हणाले, “नियमात बसत नाही म्हण. दुसरा अंक आहे अजून.”

“बसते,” स्वानंद म्हणाला, आणि लिहीत राहिला.